लिनक्स परत टाकलं की दरवेळी काहीतरी उडतंच, फाईली वाचवायच्या कशा

पहिल्यांदा फोटो गेले. दुसऱ्यांदा थंडरबर्डमधले मेल. तिसऱ्यांदा म्हणलं आता काय जातंय, अख्खं होम फोल्डर, म्हणजे आपल्या फाईली आणि सेटिंग जिथं राहतात ते, बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवलंय, तर नेमका मायएसक्यूएलचा डेटाबेस गेला कारण तो होममध्ये नसतोच. आणि दरवेळी बॅकअप घेतला होता बरं का, न घेता मी कधीच केलं नाही, तरी काहीतरी गेलंच. बारा-तेरा वर्षं उबुंटू आणि मिंट हे लिनक्सचे दोन प्रकार वापरतोय, स्वतःचं मशीन, नातेवाइकांची, शेजाऱ्यांची धरून कितीदा रिइन्स्टॉल केलं याचा हिशोब नाही, पण एवढं कळलंय की फाईली जातात त्या फॉरमॅटपेक्षा "घेतलाय की सगळा बॅकअप" या समजुतीमुळे. डोळ्याला दिसतं ते आपण उचलतो, न दिसणारं मागं राहतं आणि मग फॉरमॅटखाली सापडतं.

एक सांगून ठेवतो, कमांड आणि फोल्डरची नावं इथं मुद्दाम उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरात टाकायची, पण स्वतःच्या हाताने टाईप करताना माणूस काय करतोय ते बघतो तरी. कॉपी-पेस्टने मी एकदा चुकीची डिस्क पुसलेली आहे.

आधी बघा, रिइन्स्टॉल खरंच लागतंय का

माझ्याकडे "लिनक्स उडालंय, परत टाकून द्या" म्हणून जी मशीन येतात त्यातल्या बऱ्याच मशीनला परत टाकायची गरजच नसते. सगळ्यात कॉमन म्हणजे पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनवरच येते. असं झालं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळा टेक्स्ट स्क्रीन येईल, तिथं लॉगिन करा आणि डीएफ -एच मारा, कुठं किती जागा उरलीय ते दिसतं. रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम बसलेला भाग, यादीत / असं दिसतं) १०० टक्के भरलेलं दिसलं तर रोग तोच आहे, डिस्कवर जागाच नाही म्हणून डेस्कटॉप सुरू होत नाहीये. सुडो एपीटी क्लीन करा (सुडो म्हणजे कमांड अडमिन म्हणून चालवणं), जर्नलचे जुने लॉग काढा, डाऊनलोड्समधले जुने आयएसओ (इन्स्टॉलच्या मोठ्या फाईली) उडवा, झालं काम. दुसरं कारण म्हणजे होममधली डॉट-एक्सऑथॉरिटी नावाची फाईल रूटच्या, म्हणजे अडमिन यूजरच्या, मालकीची झालेली असते, सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवायची सवय असली की हे होतं. तिचं नाव बदलून ठेवा, पुढच्या लॉगिनला ती नवीन तयार होते.

तरीही नाही जमलं तर त्याच काळ्या स्क्रीनवरून सुडो अ‍ॅडयूजर करून एक नवा यूजर काढा आणि त्याच्या नावाने लॉगिन करून बघा. त्याचा डेस्कटॉप व्यवस्थित आला तर सिस्टिम ठणठणीत आहे, बिघाड तुमच्या होममधल्या सेटिंगच्या फाईलींत आहे. ही टेस्ट पाच मिनिटांची आहे पण फार महत्त्वाची, कारण अशा वेळी तुम्ही होम तसंच ठेवून वरची सिस्टिम नवी टाकली तर बिघाड जसाच्या तसा परत येणार. भाड्याची खोली बदलली पण ढेकूण गादीतनं बरोबर आले, त्यातला प्रकार.

विंडोज शेजारी असेल आणि ते अपडेट झाल्यावर ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा, मेनूच दिसेनासा झाला तर लिनक्स कुठंही गेलेलं नसतं, फक्त बूटलोडर बाजूला पडलेला असतो. लाईव्ह पेनड्राईव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं तो) बूट-रिपेअर चालवा. मिंटच्या लाईव्हमध्ये ते आधीपासूनच असतं.

आणि सारखंच उडत असेल, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा-तीनदा, तर संशय डिस्कवर घ्या. डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कची तब्येत, बघता येतो, त्यात रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब जागांचे, आकडे वाढत चालले असतील तर त्या डिस्कवर नवं काही टाकण्यात अर्थ नाही. आधी डेटा बाहेर काढा, आणि डिस्क वाचताना अडखळत असेल तर साध्या कॉपीने घासत बसू नका, डीडी-रेस्क्यूने पूर्ण डिस्कची इमेज घ्या आणि मग त्या इमेजमधून निवांत फाईली काढा.

काकांची गोष्ट, कारण सगळे खड्डे तिच्यात आहेत

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर आहेत, मी काका म्हणतो. त्यांचा जुना डेस्कटॉप मी मिंटवर आणून दिलेला. बोलीभाषेतले शब्द, म्हणी, शेतीच्या अवजारांची नावं गोळा करायचा त्यांना नाद, हजारभर पानं टाईप केलेली. एकदा अपडेट मध्येच लाईट गेल्याने सिस्टिम अर्धवट झाली, मी रविवारी गेलो, लाईव्ह पेनड्राईव्ह लावला, होम उघडलं, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. डॉक्युमेंट्स आलं, पिक्चर्स आलं, डेस्कटॉप आलं. काकूंनी पोहे दिले, मी इन्स्टॉल केलं, फाईली परत टाकल्या, संध्याकाळी घरी.

दुसऱ्या दिवशी फोन. "अरे, माझ्या फाईली आहेत पण त्यात मराठी नाही रे, सगळा इंग्रजीचा काला झालाय. आणि जे शब्द मी शिकवले होते ते सगळे परत लाल झालेत."

दोन्हीची कारणं वेगळी आणि दोन्ही माझ्याच चुका. काकांचं जुनं टायपिंग श्रीलिपीतलं, युनिकोडच्या आधीच्या सवयीचं. त्या फाईलीत मराठी अक्षरं नसतातच मुळी, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि त्या विशिष्ट फॉन्टमध्ये ते मराठीसारखे दिसतात. फॉन्ट गेला की मजकूर गेल्यासारखाच. तो फॉन्ट मीच पूर्वी /यूएसआर/शेअर/फॉन्ट्समध्ये टाकला होता, म्हणजे होमच्या बाहेर, आणि ते पार्टिशन मीच रविवारी फॉरमॅट केलं. "शिकवलेले शब्द" म्हणजे लिबरऑफिसची स्वतःची डिक्शनरी, राईट क्लिक करून अ‍ॅड टू डिक्शनरी म्हणलं की शब्द स्टँडर्ड-डॉट-डिक नावाच्या छोट्याशा फाईलीत जातो. ती असते होममध्येच, पण डॉट-कॉन्फिगच्या आत लिबरऑफिस, त्यात ४, त्यात यूजर, त्यात वर्डबुक. आणि नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं काहीही फाईल मॅनेजरमध्ये दिसत नाही. दिसत नाही म्हणून कंट्रोल-एमध्ये सिलेक्ट होत नाही. सिलेक्ट होत नाही म्हणून कॉपी होत नाही. इतकं साधं.

फॉन्ट सापडला, त्याच मशीनमधल्या दुसऱ्या जुन्या डिस्कवर विंडोजचं पार्टिशन पडून होतं, त्याच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. या वेळी तो काकांच्या होममध्ये डॉट-लोकल, शेअर, फॉन्ट्स इथं ठेवला म्हणजे पुढच्या वेळी होमबरोबर येईल. डिक्शनरी मात्र गेली ती गेलीच, चार वर्षांत एकेक करून शिकवलेले शब्द. काका काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

तर मग काय काय उचलायचं. फाईल मॅनेजरमध्ये पहिल्यांदा कंट्रोल-एच दाबा, टिंबवाले फोल्डर दिसायला लागतील. खरं म्हणजे निवडत बसूच नका, अख्खं होम घ्या, जागा कमी असेल तर फक्त डॉट-कॅश सोडा. पण कशात काय असतं ते माहीत असलेलं बरं. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड डॉट-मोझिलामध्ये असतात, पण उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या वेगळ्या पॅकेजमधून येतो आणि त्याची प्रोफाईल होममधल्या स्नॅप फोल्डरात, फायरफॉक्स, कॉमन असं आत जाऊन डॉट-मोझिलामध्ये असते. म्हणजे हे फोल्डर दिसतं, टिंब नाही, पण "स्नॅप म्हणजे अ‍ॅप असतील, परत टाकता येतील" असं म्हणून लोक सोडून देतात आणि पासवर्ड घालवतात. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्डचंही तेच, तोही स्नॅपमध्ये गेला. फ्लॅटपॅक या अजून एका पॅकेज पद्धतीने टाकलेल्या अ‍ॅपचा डेटा डॉट-व्हार, त्यात अ‍ॅप. एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या डॉट-एसएसएचमध्ये, जीपीजीच्या (एनक्रिप्शन आणि सहीच्या) डॉट-जीएनयूपीजीमध्ये, आणि या दोन गेल्या तर कुठलंच सॉफ्टवेअर त्या परत आणून देत नाही.

थंडरबर्डबद्दल एक. आयमॅपवर असाल तर मेल सर्व्हरवर असतात, परत उतरतील. पॉपवर असाल किंवा जागा मोकळी करायला मेल ओढून लोकल फोल्डर्समध्ये टाकायची सवय असेल तर ते फक्त तुमच्या डिस्कवर आहेत. माझे दुसऱ्या वेळी गेले ते हेच.

होमच्या बाहेरचं म्हणजे /इटीसी, अख्खं फोल्डर काही एमबीचंच असतं, डोळे झाकून घ्या. परत टाकायचं नाही हं ते, नव्या सिस्टिमवर जुनं /इटीसी ओतलं तर नवं भांडण सुरू, फक्त बघायला ठेवायचं की एफएसटॅबमध्ये कुठली डिस्क कुठं लावली होती, होस्ट्स फाईलीत काय लिहिलं होतं. मग /ऑप्ट, /यूएसआर/लोकल, वेबसाईट बनवत असाल तर /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. डेटाबेस चालू सिस्टिमवरून मायएसक्यूएल-डम्पने काढा, ती एक टेक्स्ट फाईल मिळते आणि कुठल्याही व्हर्जनवर बहुतेक वेळा चढते. /व्हार/लिब/मायएसक्यूएल फोल्डर नुसतं कॉपी करणं हा शेवटचा उपाय, सिस्टिम चालूच होत नसेल तेव्हाचा. क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं, लावली असतील तर क्रॉनटॅब -एल करून एका फाईलीत घ्या, तेही होममध्ये नसतं. आणि एपीटी-मार्क शोमॅन्युअल मारून हाताने टाकलेल्या पॅकेजची यादी ठेवा, नंतर "ते पीडीएफ जोडायचं काय होतं बरं" हे आठवत बसायला लागत नाही.

"टाईमशिफ्ट चालू आहे की माझं"

हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकतो. टाईमशिफ्ट चांगलंच आहे, पण ते सिस्टिमसाठी आहे. अपडेटने काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जायला. डीफॉल्ट सेटिंगमध्ये ते यूजरच्या होममधल्या फाईली घेतच नाही, मुद्दाम वगळतं, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर सिस्टिम मागं नेताना तुमचं आज लिहिलेलं पत्रही मागं गेलं असतं. वर त्याचे स्नॅपशॉट बहुतेकांच्या मशीनवर त्याच डिस्कवर असतात, जी आपण आता पुसणार आहोत. त्यामुळे रिइन्स्टॉलच्या बाबतीत टाईमशिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणं.

कॉपी कशावर आणि कशी

बाहेरच्या डिस्कचा फॉरमॅट बहुतेक एनटीएफएस किंवा एक्सफॅट असतो, पेनड्राईव्हचा फॅट३२. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथंच अडकतो. दुसरं, फॅट आणि एक्सफॅटला लिनक्सची मालकी आणि परवानग्या कळतच नाहीत, सिमलिंकही (दुसऱ्या फाईलीकडे बोट दाखवणारी फाईल) नाही. फोटो-कागदपत्रांना काही फरक पडत नाही, पण एसएसएचची किल्ली अशा डिस्कवरून परत आणली की ती सगळ्यांना वाचता येईल अशी होऊन येते आणि एसएसएच तिला हात लावत नाही, परवानग्या फार सैल आहेत म्हणून मोठी वॉर्निंग देतं. सीएचमॉड ६०० केलं की गप्प बसतं.

सोपा मार्ग दोनच. एकतर बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटची करून घ्या, म्हणजे तिच्यात आधीचं काही नसेल तर, आणि आर-सिंक ही कॉपीची कमांड वापरा. आर-सिंकला छोटा ए, मोठा ए, मोठा एक्स, मोठा एच हे पर्याय द्या, मालकी, परवानग्या, हार्डलिंक सगळं येतं. सोर्सच्या नावाला शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो, एवढं लक्षात ठेवा नाहीतर बॅकअपच्या मुळातच सगळा पसारा होतो. डिलीट हा पर्याय मात्र हात थरथरत असेल तर लावू नका, सोर्स चुकून रिकामा निघाला तर तो बॅकअपही इमानदारीने रिकामा करतो. दुसरा मार्ग, डिस्क विंडोजवाल्यांशी वाटून घ्यायची असेल तर सगळ्या होमची एक टार फाईल (सगळं एकात बांधलेलं गाठोडं) करा आणि ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर ठेवा. आत परवानग्या शाबूत राहतात, आणि ज्या नावांत कोलन किंवा प्रश्नचिन्ह आहे म्हणून विंडोजच्या फॉरमॅटवर कॉपी अडते ती पण अडत नाही.

नावांवरून आठवलं, ही खास आपल्या लोकांची अडचण आहे, इंग्रजीवाल्यांना कधी येतच नाही. ईएक्सटी४ वर फाईलचं नाव २५५ बाईटपर्यंत चालतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह, मात्रा-वेलांटी-अनुस्वार सुटे धरून, ३ बाईट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. एनटीएफएसवर मात्र तेच नाव २५५ चिन्हांपर्यंत जातं. त्यामुळे विंडोजवर ठेवलेलं "ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त, अमुक ठराव, तमुक दुरुस्तीसह, अंतिम, अंतिम खरी" असलं, पण याहून अजून लांबलेलं नाव एनटीएफएसवर सुखात नांदतं आणि लिनक्सवर आणताना "फाईलचं नाव फार लांब" म्हणून तेवढीच फाईल मागं राहते, आणि हजार फाईलींच्या कॉपीत तो एक एरर कोणाच्या लक्षात येत नाही. होम फोल्डर एनक्रिप्ट केलेलं असेल, ते जुनं ई-क्रिप्टएफएसवालं, तर मर्यादा अजून खाली, १४३ बाईट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. नावं आधीच छोटी करा.

कॉपी झाली की डिस्क खेचून काढू नका. प्रोग्रेस बार संपला तरी मागं लिहिणं चालू असतं, स्लो पेनड्राईव्हला तर बरीच मिनिटं. इजेक्ट म्हणा आणि "आता काढा" येईपर्यंत चहा घ्या.

आणि मग खरी परीक्षा, जी मी पहिल्या तीनही वेळा दिली नाही. बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि फाईली उघडून बघा. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाईल आहे असं नाही. सगळ्यात जुना एक फोटो, सगळ्यात मोठा एक व्हिडिओ मध्येच पुढं ढकलून, एक स्प्रेडशीट, आणि टिंबवाल्या फोल्डरांपैकी एक. आर-सिंक वापरलं असेल तर तीच कमांड -एन, -सी आणि -आय लावून परत मारा, ती काही कॉपी करत नाही, दोन्हीकडच्या फाईली आतून ताडून बघते आणि फरक असेल तेवढंच दाखवते. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

मशीन चालूच होत नसेल तर

लाईव्ह पेनड्राईव्ह बनवा, ट्राय म्हणून आत जा, इन्स्टॉलच्या आयकॉनला हात लावू नका. जुनी डिस्क फाईल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला दिसते, क्लिक केली की उघडते. परवानगी नाही म्हणून अडलं तर टर्मिनलमधून सुडो लावून कॉपी करा.

दोन ठिकाणी लोक घाबरतात. एक, डिस्क उघडताना पासवर्ड मागते, म्हणजे लक्स हे अख्ख्या डिस्कचं एनक्रिप्शन आहे. बूट होताना जो पहिला पासवर्ड टाकायचा तोच हा, लॉगिनचा नव्हे. हा विसरला असाल तर विषय संपला, याला मागचं दार नाही.

दुसरं जास्त फसवं. होम उघडतं, पण आत फक्त दोनच वस्तू, एक रीडमी आणि एक "अ‍ॅक्सेस युवर प्रायव्हेट डेटा" नावाची. बाकी सगळं गायब. लोकांना वाटतं डेटा गेला, आणि ते हताश होऊन फॉरमॅट करतात, आणि मग तो खरंच जातो! ते ई-क्रिप्टएफएस आहे. उबुंटूने १८.०४ पासून इन्स्टॉलरमधून हा पर्याय काढला पण मिंटमध्ये "माझं होम फोल्डर एनक्रिप्ट करा" ही टिक अजून असते आणि इन्स्टॉल करताना कोणीतरी ती उत्साहाने केलेली असते. खऱ्या फाईली /होमच्या आत डॉट-ई-क्रिप्टएफएस या फोल्डरात असतात. लाईव्हमधून सुडो ई-क्रिप्टएफएस-रिकव्हर-प्रायव्हेट चालवा, ते शोधून काढतं, तुमचा लॉगिन पासवर्ड मागतं आणि सगळं उघडून दाखवतं. तिथून कॉपी करा. बंद अवस्थेतलं कॉपी करायचीच वेळ आली तर ते डॉट-ई-क्रिप्टएफएस फोल्डर पूर्ण घ्या, कारण किल्लीची फाईल त्याच्यातच आहे, ती नसेल तर बाकीचा माल रद्दी.

विंडोजच्या पार्टिशनवर बॅकअप ठेवायचा विचार असेल आणि ते फक्त वाचायला उघडत असेल, लिहू देत नसेल, तर विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाऊन म्हणजे अर्धी झोप असते. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा, नीट शटडाऊन करा.

इन्स्टॉलरचा तो एक स्क्रीन

बाकी सगळे स्क्रीन नेक्स्ट-नेक्स्ट करा, पण कुठं इन्स्टॉल करायचं हा स्क्रीन आला की हात माऊसवरून काढा.

"डिस्क पुसून इन्स्टॉल करा" म्हणजे ती पूर्ण डिस्क पुसणार, त्यावरची सगळी पार्टिशन. लिनक्सचं तेवढं पुसेल असं नाही, शेजारचं विंडोज आणि त्यापुढचं "डेटा" नावाचं पार्टिशनही. माझे फोटो पहिल्या वेळी असेच गेले, मला वाटलं डी ड्राईव्ह वेगळी आहे, ती कशी जाईल. पार्टिशन वेगळं म्हणजे डिस्क वेगळी नाही.

मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर एसडीए-एसडीबी या नावांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक बूटला ती अदलाबदल होऊ शकतात. आकारावरून आणि मॉडेलवरून ओळखा, एलएसबीएलके -ओ नेम,साईझ,मॉडेल मारून कागदावर लिहून ठेवा कुठली काय. आणि बॅकअपची डिस्क? ती या स्क्रीनच्या आधी काढून कपाटात. लावलेलीच ठेवली तर ती पण यादीत दिसते, आणि रात्री साडेअकराला आपण काय क्लिक करू याचा भरवसा नाही.

होमचं पार्टिशन वेगळं असेल तर "समथिंग एल्स" किंवा मॅन्युअल निवडा. रूटवर फॉरमॅटची टिक, होमच्या पार्टिशनला माऊंट पॉईंट (कुठल्या फोल्डरात उघडायचं ते) /होम द्या आणि फॉरमॅटची टिक रिकामी. दोनदा बघा. यूजरचं नाव आधीचंच द्या, अक्षर न अक्षर तेच, म्हणजे ते जुनं फोल्डर उचलतं. वेगळं होम नसेल तरी मिंटच्या आणि उबुंटू २२.०४ पर्यंतच्या इन्स्टॉलरमध्ये तेच रूट पार्टिशन / म्हणून निवडून फॉरमॅटची टिक न करता पुढं जाता येतं. मग तो यूएसआर, इटीसी, व्हार अशी सिस्टिमची फोल्डर पुसतो आणि होम ठेवतो. मी हे बऱ्याचदा केलंय, चालतं, पण लक्षात घ्या की व्हार जातं म्हणजे डेटाबेस जातोच. आणि हे बॅकअप घेऊनच, मध्येच लाईट गेली तर कोण जबाबदार. फेडोरावाल्यांचं गणित निराळं, तिथं व्हर्जन ३३ पासून डीफॉल्ट फॉरमॅट बीटीआरएफएस आहे आणि रूट आणि होम ही एकाच पार्टिशनमधली दोन सबव्हॉल्यूम असतात, रूटचं काढून होमचं ठेवायचं.

परत आणताना

नवी सिस्टिम आली की पहिल्यांदा सगळे अपडेट घ्या, मगच फायरफॉक्सची जुनी प्रोफाईल टाका. आयएसओमधला फायरफॉक्स जुना असतो आणि तुमची प्रोफाईल नव्याने वापरलेली, मग तो "ही प्रोफाईल नव्या व्हर्जनची आहे" म्हणून दारातच अडवतो. पासवर्डसाठी लॉगिन्स-डॉट-जेसन आणि की४-डॉट-डीबी दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. प्रोफाईल टाकूनही रिकामाच उघडला तर अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाऊट-कोलन-प्रोफाईल्स टाका आणि जुनी निवडा, तो शेजारी नवी बनवून बसलेला असतो.

फाईली दिसतात पण सेव्ह होत नाहीत, असं झालं तर मालकीचा घोळ. लिनक्स माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखतं. पहिला यूजर १०००, दुसरा १००१. घरात दोघं जण एकच मशीन वापरत असाल आणि या वेळी बायकोचं अकाऊंट आधी काढलंत तर तुमच्या सगळ्या फाईली आता तिच्या नावावर. एलएस -एलएनने नंबर बघा, सुडो सीएचओन -आरने ज्याचं त्याला द्या. फक्त त्या त्या होम फोल्डरवरच बरं का, एकाने ते / वर मारलं होतं, त्याला लगेच दुसरं रिइन्स्टॉल करावं लागलं.

डॉट-कॉन्फिग अख्खं ओतू नका. जे हवंय तेवढं, लिबरऑफिसचं, अजून दोन-चार अ‍ॅपचं. डेस्कटॉपची जुनी सेटिंग नव्या व्हर्जनवर टाकली की पॅनल गायब, फॉन्ट अवाढव्य, असले चमत्कार सुरू होतात. मराठी कीबोर्ड, इनस्क्रिप्ट असो की आयबसवरचा फोनेटिक, सरळ नव्याने लावा, दोन मिनिटांचं काम.

पुसून झालंय आणि आता आठवलंय

मशीन बंद करा. लगेच, आत्ता. अपडेट नको, ब्राउझर उघडून उपाय शोधणं नको, जे काही लिहिलं जाईल ते तुमच्या फाईलींच्या डोक्यावर लिहिलं जाणार आहे. दुसऱ्या मशीनवर किंवा लाईव्ह पेनड्राईव्हवरून टेस्टडिस्क चालवा, नुसतं पार्टिशन टेबल गेलं असेल आणि त्यावर अजून काही इन्स्टॉल झालं नसेल तर पार्टिशन जसंच्या तसं परत मिळायची शक्यता चांगली असते. फॉरमॅट होऊन वर सिस्टिम बसली असेल तर फोटोरेक, ते एकेक फाईल शोधून काढतं, आणि सापडलेलं नेहमी दुसऱ्याच डिस्कवर लिहायचं.

एसएसडी असेल तर फार आशा ठेवू नका. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना एसएसडीला "हे सगळे ब्लॉक मोकळे" असा निरोप आपोआप जातो, आणि वाचायला गेलं तर बहुतेक वेळा शून्यच हाती येतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हा प्रकार नाही. माझे फोटो तशा डिस्कवर होते म्हणून वाचले, सिस्टिम जिथं बसली तेवढे सोडून. पण फोटोरेक नावं परत देत नाही, फोल्डरही नाही, एफ आणि पुढं लांबलचक आकडा असल्या नावांच्या फाईलींचा ढीग देतं. त्यात आपले फोटो, ब्राउझरच्या कॅशमधली जाहिरातींची चित्रं, अ‍ॅपचे आयकॉन सगळं एकत्र. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आत असते त्यामुळे एक्झिफटूलने वर्षवार लावता आले, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांत तीही नसते. ते नऊशेच्या वर आहेत, "बघायचे आहेत" नावाच्या फोल्डरात, आणि ते फोल्डर आता प्रत्येक बॅकअपमध्ये असतं.